‘प्रकट करणे’ म्हणजे काय? : पंजाबराव विरुद्ध मेश्राम या निकालाची चिकित्सा

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सभांतून एका न्यायालयीन निकालाचा उल्लेख हटकून होतो. वक्ता कोणीही असो, मांडणी एकच असते : आमचा माणूस राखीव जागेवरून निवडून आला, तो बौद्ध आहे एवढ्याच कारणाने सर्वोच्च न्यायालयाने त्याची आमदारकी काढून घेतली, धम्म स्वीकारल्याची शिक्षा समाजाला मिळाली. श्रोते हळहळतात आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. निकाल मुळातून वाचण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही. प्रस्तुत लेखकानेही तो वर्षानुवर्षे ऐकीव स्वरूपातच बाळगला होता. वाचल्यावर असे दिसले की, आपण ज्या निकालाला केवळ अन्याय म्हणून स्मरतो, त्यात धम्मदीक्षेविषयी स्वतंत्र भारतातील सर्वांत निःसंदिग्ध न्यायालयीन विधाने आहेत. अन्यायही त्यात आहेच; पण तो आपण समजतो त्या ठिकाणी नाही.

प्रकरणाची हकीकत थोडक्यात अशी. फेब्रुवारी १९६२ च्या निवडणुकीत डी. पी. मेश्राम हे नागपूरकडील एका राखीव मतदारसंघातून महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. पंजाबराव यांनी निवडणूक याचिका दाखल करून असा आक्षेप घेतला की, मेश्राम यांनी १७ मार्च १९५७ रोजी नागपूरच्या लष्करीबागेतील जाहीर सभेत बौद्ध धम्म स्वीकारला असल्याने ते अनुसूचित जातीचे राहिलेले नाहीत. मेश्राम यांनी आपण धर्मांतर केल्याचे नाकारले. निवडणूक न्यायाधिकरणाने याचिका मान्य केली, उच्च न्यायालयाने ती फिरवली आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निर्णय पुन्हा कायम केला. निकालपत्र न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर यांनी लिहिले. अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर, जे १९१२ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांचे हे पुत्र. नागपूर-विदर्भातील दीक्षेचा वाद विदर्भातल्याच एका न्यायमूर्तीपुढे यावा, हा योगायोग म्हणायचा.

वाद उभा राहिला तो संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० मधील तिसऱ्या परिच्छेदामुळे. हिंदू धर्माहून वेगळा धर्म प्रकट करणारी व्यक्ती अनुसूचित जातीची सदस्य मानली जाणार नाही, असे तो परिच्छेद सांगत होता. पंजाबातील काही शीख जातींपुरता अपवाद आरंभीच होता. १९५६ साली तो सर्व शिखांना लागू झाला. बौद्धांसाठी दार उघडायला १९९० उजाडावे लागले. म्हणजे दीक्षाभूमीवरील त्या दिवसापासून पुढची सुमारे चौतीस वर्षे, उघडपणे ‘मी बौद्ध आहे’ असे म्हणणारा माणूस राखीव जागेवर उभा राहू शकत नव्हता. महाराष्ट्र राज्याने ‘नवबौद्ध’ या नावाखाली शिक्षणात आणि राज्याच्या नोकऱ्यांत सवलती दिल्या. परंतु विधानसभा व लोकसभेच्या राखीव जागा देणे राज्याच्या हाती नव्हते.

सोलापूरच्या वाचकाला या जागांचे मोल निराळे सांगायला नको. बहिष्कृत हितकारिणी सभेचे विद्यार्थी वसतिगृह जानेवारी १९२५ मध्ये याच शहरात सुरू झाले. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाचे जिवाप्पा ऐदाळे या जिल्ह्यातून मुंबई विधिमंडळात गेले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, जिथे बाबासाहेबांना स्वतःला मुंबईत पराभव पत्करावा लागला, तिथे सोलापूरने द्विसदस्य मतदारसंघातील राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज यांना लोकसभेत पाठवले. सर्वसाधारण जागा शेतकरी कामगार पक्षाच्या शंकरराव मोरे यांना मिळाली. गिरणगावातल्या मतदारांनी दिलेला तो कौल होता. चार वर्षांनी त्यांपैकी असंख्यांनी दीक्षा घेतली. ज्या कायद्याखाली त्यांनी आपला प्रतिनिधी निवडला होता, त्याच कायद्याने ते आता उमेदवारीस अपात्र ठरले.

मेश्राम प्रकरण समजण्यासाठी दहा वर्षे मागे, भंडाऱ्याकडे जावे लागते. १९५२ च्या निवडणुकीत भंडारा लोकसभा मतदारसंघातील राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला. ते जन्माने महार, पण महानुभाव पंथाचे अनुयायी. म्हणून त्यांचा अर्ज फेटाळला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी चतुर्भुज जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम या नावाने ओळखला जाणारा निकाल दिला. (जसानी यांच्यापुरता वाद शासनाला बिड्या पुरवण्याच्या कंत्राटाचा होता, तो येथे महत्त्वाचा नाही.) धर्म किंवा पंथ बदलल्यावर मनुष्य जुन्या जातीत राहतो की नाही, हे ठरवताना बोस यांनी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या : जुन्या समाजाची त्यावरील प्रतिक्रिया, त्या माणसाचा स्वतःचा हेतू आणि नव्या पंथाचे नियम. जुना समाज त्याला बाहेर काढत नसेल आणि तोही जुने सामाजिक व राजकीय संबंध राखू इच्छित असेल, तर ते धर्मांतर व्यवहारापुरते नाममात्र ठरते. या कसोटीवर ठवरे महारच राहिले. निवडणूक रद्द झाली आणि मे १९५४ मध्ये भंडाऱ्यात पुन्हा मतदान झाले. त्या राखीव जागेवर बाबासाहेब उभे राहिले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. ती त्यांची अखेरची निवडणूक होती. ‘महार कोण?’ या प्रश्नावरील निकालातून निर्माण झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांनी शेवटचे मत मागितले, ही गोष्ट चरित्रकारांच्या हातून बहुधा निसटते.

बोस यांची कसोटी वरवर उदार दिसते. ती उमेदवाराच्या बाजूने लागली, म्हणून आपल्याकडील काही लेखकांनी तिची स्तुतीही केली आहे. ही स्तुती मला पटत नाही. या कसोटीत माणसाच्या श्रद्धेचा निवाडा तीन पक्षकारांच्या हाती दिलेला आहे, आणि त्यांतला पहिला पक्षकार तो ज्याला सोडून निघाला तो समाज आहे. एखादा मनुष्य धर्म सोडतो आणि जुने लोक त्याला जाऊ देत नाहीत, किंवा त्याचे जाणे खिजगणतीतच घेत नाहीत, एवढ्यावरून त्याचे जाणे नाममात्र कसे ठरते? शिवाय १९५६ नंतरची आपली स्थिती पाहा. गावचा सगळा महारवाडा एकाच दिवशी बौद्ध झाला. सोयरिकी त्याच राहिल्या, वस्ती तीच राहिली. या कसोटीने मोजले असते तर नागपूरच्या दीक्षेचे वजन न्यायालयात शून्य भरले असते.

या ठिकाणी विनयपिटकाच्या महावग्गातील सीह सेनापतीची आठवण होते. वैशालीचा हा सेनापती निगंठांचा उपासक होता. तो तथागतांकडे येऊन शरण जातो, तेव्हा भगवान त्याला आधी सांगतात की तुझ्यासारख्या विख्यात माणसाने नीट विचार करूनच असे पाऊल उचलावे. आणि शरणगमन झाल्यावर सांगतात की तुझे घर दीर्घकाळ निगंठांसाठी पाणवठ्यासारखे राहिले आहे, दारी आलेल्या निगंठांना भिक्षा देणे थांबवू नकोस. सीहाने जुने संबंध तोडले नाहीत. बोस यांच्या मोजपट्टीने त्याचे धर्मांतर नाममात्र ठरेल. विनयाच्या दृष्टीने मात्र तो त्या क्षणापासून उपासक आहे. सोयरसंबंध आणि शरणगमन या भिन्न गोष्टी आहेत, एवढे भान अडीच हजार वर्षांपूर्वी होते.

आता मुधोळकरांच्या निकालाकडे येऊ. त्यांनी सगळा भार इंग्रजी आदेशातील ‘प्रोफेस’ या एका क्रियापदावर ठेवला. घटनेच्या मराठी भाषांतरात पंचविसाव्या अनुच्छेदात त्याला ‘प्रकट करणे’ असा प्रतिशब्द आहे, तोच येथे वापरतो. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा : धर्म प्रकट करणे म्हणजे आपली श्रद्धा जाहीर करणे; ती ज्यांना जाणून घेण्याचे कारण आहे त्यांना कळेल अशा रीतीने जाहीर करणे. एखाद्याने आपण जुना धर्म सोडला आणि दुसरा स्वीकारला असे जाहीरपणे सांगितले, की तो दुसरा धर्म प्रकट करतो असे मानले पाहिजे. आणि पुढचे वाक्य तर फारच मोलाचे आहे. असे उघड निवेदन समोर असताना, ते धर्मांतर विधिपूर्वक परिणामकारक झाले होते की नाही याची चौकशी करीत बसणे निरर्थक होय.

मेश्राम यांच्या बाजूने झालेल्या युक्तिवादाचा रोख नेमका त्याच चौकशीकडे होता. सभा झाली असेल, लोक उभे राहिले असतील. पण त्यातून खरोखर धर्मांतर घडले याचा पुरावा काय? न्यायालयाने हा दरवाजा बंद केला. कोणता भिक्खू होता, विधी कोणत्या क्रमाने झाला, त्यानंतर घरातल्या देव्हाऱ्याचे काय झाले, जातपंचायतीने काय म्हटले, हे विचारण्याची गरज न्यायालयाला वाटली नाही. माणूस बोलला, तेवढे पुरे.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटल्याशिवाय राहत नाही. अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात शाक्य महानाम भगवंतांना विचारतो की मनुष्य उपासक कशाने होतो. उत्तर मिळते : बुद्ध, धम्म व संघ यांना शरण गेल्याने. मग महानाम पुढे विचारतो की उपासक शीलवान कशाने होतो; आणि तेथे पंचशीलांचा उल्लेख येतो. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले गेले आहेत. उपासक असणे शरणगमनाने सिद्ध होते, शीलवान असणे आचरणाने. ज्याचे शील ढळले तो वाईट उपासक असेल, पण तो उपासक नाही असे सुत्त म्हणत नाही. मुधोळकरांनी हे सुत्त वाचले होते असे कोणी म्हणणार नाही. पण शब्दार्थाच्या वाटेने ते त्याच ठिकाणी पोहोचले : निवेदन हे एक, त्याची परिणामकारकता हे दुसरे, आणि न्यायालयाचे काम पहिल्याशीच. तिसरणाचे वचन तीनदा, मोठ्याने आणि इतरांच्या देखत उच्चारले जाते, ते केवळ रूढी म्हणून नव्हे. शरणगमन हे स्वभावतःच प्रकट असते.

आणखी एक बाब. तिसरणात स्वीकार आहे, त्यागाचा शब्द नाही. न्यायालयाच्या व्याख्येला मात्र दोन्ही लागतात : जुना धर्म सोडल्याचे आणि नवा घेतल्याचे निवेदन. हे लक्षात घेतल्यावर बावीस प्रतिज्ञांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी तिसरण-पंचशीलानंतर प्रतिज्ञा दिल्या आणि त्यांत हिंदू धर्माचा स्पष्ट शब्दांत त्याग केला. परंपरागत थेरवादी देशांतील काही भिक्खूंना आणि आपल्याकडीलही काही सौम्यवृत्ती विद्वानांना ही नकाराची वाक्ये अनावश्यक, किंबहुना कर्कश वाटत आली आहेत. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा गणपत प्रकरणातील निकाल वाचावा; तो १९७५ च्या निर्णयसंग्रहांत छापलेला आहे. तेथे न्यायालय म्हणते की हिंदू धर्म इतका सहिष्णू आणि त्यातील आचार इतके विविध आहेत की जन्माने हिंदू असलेला मनुष्य बौद्ध मंदिरात, चर्चमध्ये किंवा दर्ग्यात गेला एवढ्यावरून तो हिंदू राहिला नाही असे म्हणता येत नाही. त्याने धर्म बदलल्याचे स्पष्टपणे सिद्ध झाले पाहिजे. म्हणजे विहारात जाणे पुरत नाही, वंदना घेणे पुरत नाही, वैशाखी पौर्णिमेच्या मिरवणुकीत चालणे तर नाहीच नाही. हिंदू धर्माचे पोट इतके मोठे आहे की नुसत्या स्वीकाराने माणूस त्यातून बाहेर पडत नाही. बाहेर पडलो असे म्हणावे लागते. कायदेपंडित असलेल्या बाबासाहेबांना हे कळले नव्हते असे मानायला मी तयार नाही.

‘हिंदू’ या शब्दाच्या अर्थावरही मेश्राम निकालात चर्चा झाली. युक्तिवाद असा करण्यात आला की घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात हिंदूंच्या उल्लेखात शीख, जैन व बौद्ध यांचा समावेश आहे. तेव्हा आदेशातील ‘हिंदू’मध्येही बौद्ध येतात. न्यायालयाने तो नाकारला. ते स्पष्टीकरण एका विशिष्ट उपखंडापुरतेच आहे, आणि बौद्धांचा समावेश वेगळा लिहावा लागला यावरूनच ते मुळात वेगळे आहेत हे दिसते. आदेशातील ‘हिंदू’ हा शब्द संकुचित अर्थाने, म्हणजे जाती मानणारा आणि अस्पृश्यतेवर आधारलेली विधिनिषेधांची वचने असलेला सनातन हिंदू धर्म या अर्थाने वापरला आहे, असे न्यायालयाने म्हटले.

हे वाक्य पुन्हा वाचावे. जातिसंस्था आणि अस्पृश्यता ही हिंदू धर्माची ओळख म्हणून देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने नोंदवली, आणि त्याच वाक्यात बौद्ध धम्म त्याहून वेगळा असल्याचे मान्य केले. आपल्या व्यासपीठांवरून हे वाक्य मी एकदाही ऐकलेले नाही.

कारण असे की, त्याच न्यायालयाने अवघ्या दीड-एक वर्षाने उलट दिशेने चित्र रंगवले आणि तेच प्रसिद्ध झाले. जानेवारी १९६६ मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी यज्ञपुरुषदासजी प्रकरणात स्वामीनारायण सत्संगी हे हिंदूच आहेत आणि त्यांच्या मंदिरांत अस्पृश्यांना प्रवेश नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. निकाल योग्य होता. पण त्यासाठी हिंदू धर्माचे जे विशाल वर्णन केले, त्यात बुद्ध, महावीर, बसव, ज्ञानेश्वर, तुकाराम, नानक अशी नावे एकाच माळेत ओवली गेली. सोलापूरला बसवण्णांच्या अनुयायांनाही या माळेविषयी काही म्हणायचे असते, ते त्यांचे त्यांनी म्हणावे. आपल्यापुरते असे झाले की राखीव जागेच्या वेळी आपण हिंदू नव्हतो. मंदिराच्या चर्चेत बुद्ध हिंदू परंपरेतील एक सुधारक झाले. आणि विवाहासाठी तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्याला आधीपासूनच लागू होता. जिथे देणे होते तिथे हिंदूची व्याख्या आखूड झाली, जिथे सामावून घेणे होते तिथे लांब. एकेका न्यायमूर्तीच्या हेतूविषयी मी काही म्हणत नाही. व्याख्येची लांबी प्रत्येक वेळी कोणाच्या सोयीने बदलली एवढेच दाखवतो.

माणूस कोणत्या गटात मोडतो हे ठरवून त्यावरून त्याचे नागरिकत्व वा मताधिकार बेतण्याचे काम अमेरिकेच्या न्यायालयांनीही केले आहे, आणि त्यातील एक प्रकरण आपल्या विषयाला थेट भिडते. भगतसिंग थिंड हे पंजाबातील शीख. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. नागरिकत्व तेव्हा ‘गोऱ्या’ व्यक्तींना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे. थिंड यांचा युक्तिवाद असा की आपण उच्च जातीचे आर्य आहोत, खालच्या लोकांशी रक्तसंबंध न ठेवण्याची आमची परंपरा आहे, म्हणून आम्ही गोरेच. वर्णाच्या बळावर वंशाचे दार उघडू पाहणारा हा प्रयत्न १९२३ साली फसला. न्यायालयाने म्हटले की गोरा कोण हे सामान्य गोऱ्या माणसाच्या समजुतीने ठरेल, वंशशास्त्राने नाही. त्यानंतर कित्येक भारतीयांची मिळालेली नागरिकत्वे काढून घेण्याचे दावे सरकारने लावले. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही लावला, तो मात्र पंडितांनी जिंकला. थिंड प्रकरणात माणूस स्वतःविषयी काय म्हणतो याला किंमत नव्हती. इतर त्याला काय समजतात तेच निर्णायक होते. मेश्राम प्रकरण याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तेथे इतर काय समजतात याला किंमत नाही; माणूस काय म्हणाला तेच निर्णायक आहे.

आणि इथेच निकालाचा दोष आहे. श्रद्धेच्या प्रश्नात माणसाचे स्वतःचे निवेदन अंतिम मानणे हा स्वातंत्र्याचा विजय आहे. पण राखीव जागा श्रद्धेसाठी दिलेल्या नव्हत्या. पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघांच्या बदल्यात त्या आल्या, त्या इतरांनी लादलेल्या अस्पृश्यतेमुळे. महाराने हिंदू धर्म सोडला हे त्याच्या हाती होते. पाटलाने त्याला महार समजणे सोडले की नाही, हे त्याच्या हाती नव्हते. लष्करीबागेत उभे राहून प्रतिज्ञा घेतल्याने गावच्या विहिरीवरचा नियम बदलत नाही. श्रद्धेसाठी मुधोळकरांची कसोटी आणि अपात्रतेच्या वेदनेसाठी ‘इतर काय समजतात’ ही कसोटी, अशी विभागणी व्हायला हवी होती. आदेशाच्या शब्दांनी न्यायालयाचे हात बांधले होते हे खरे. परंतु त्या परिच्छेदाची वैधता समतेच्या अनुच्छेदांवर घासून पाहण्याची वाट कोणी चोखाळली नाही. १९४४ च्या स्मिथ विरुद्ध ऑलराइट या निकालात टेक्सासमधील पक्षांतर्गत निवडणुकीतून काळ्या मतदारांना वगळण्यात येत होते. पक्ष ही खासगी संस्था आहे हा बचाव बाजूला सारून न्यायालयाने त्या व्यवस्थेचा प्रत्यक्ष परिणाम पाहिला. तशी नजर १९६४ साली आपल्या वाट्याला आली नाही.

परिणाम काय झाला? महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या १९५१ च्या जनगणनेत अडीच हजारांच्या आसपास होती, १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. राज्यातील सर्वांत जागृत दलित समूह राखीव जागांच्या बाहेर उभा राहिला. जे आत शिरले त्यांपैकी काहींना घरी एक आणि अर्जावर दुसरे असे जगावे लागले. मेश्राम यांच्याकडे मी आरोपी म्हणून पाहत नाही. समाजाचा आवाज सभागृहात राहावा की आपल्या तोंडचे शरणवचन राहावे, असा पेच कायद्याने त्यांच्यापुढे टाकला होता. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी लिहिलेले ‘हिंदू महार’ पुसू न देणारे पालक सोलापूरच्या चाळींतही होतेच. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, पेटीत दाखला. त्यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही.

पण बाबासाहेबांना हा पेच आधी दिसला होता. ऑगस्ट १९५५ मध्ये, म्हणजे दीक्षेच्या वर्षभर आधी, फेडरेशनच्या कार्यकारिणीने राखीव जागाच रद्द कराव्यात असा ठराव केला. बहुसंख्य हिंदू मतदारांच्या मर्जीने निवडून येणाऱ्या राखीव प्रतिनिधीविषयी त्यांचा भ्रम कधीच नव्हता. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या भाषणात सवलती जातील या भीतीलाही त्यांनी उत्तर दिले. १९९८ साली प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघे रिपब्लिकन खासदार झाले ते सर्वसाधारण मतदारसंघांतून, हेही या संदर्भात विसरता येत नाही.

३ जून १९९० पासून आदेशातील त्या परिच्छेदात हिंदू व शीख यांच्या जोडीला बौद्ध हा शब्द आला. आपल्या जिल्ह्यात त्याचा अर्थ लवकरच दिसला : पंढरपूरच्या राखीव जागेवरून १९९९ आणि २००४ साली आठवले निवडून गेले, १९६४ च्या कायद्याने त्यांचा अर्जच टिकला नसता. सोलापूरची लोकसभेची जागा २००९ पासून राखीव झाली, आणि राखीव जागेवर उभे राहण्याचा अधिकार कोणाचा हा जुना प्रश्न नव्या रूपात परतला. २०१९ साली निवडून आलेल्या खासदारांचे ‘बेडा जंगम’ जातीचे प्रमाणपत्र फेब्रुवारी २०२० मध्ये पडताळणी समितीने अवैध ठरवले, वाद उच्च न्यायालयात गेला आणि २०२४ ला लोकसभेची मुदत संपली. ज्या जागेवरून प्रकट बौद्धाला चौतीस वर्षे धर्मामुळे दूर ठेवले, तिथे जातीचा निवाडा मुदतीत होऊ शकला नाही.

दुरुस्तीने आपला प्रश्न सुटला, निकालातला दोष सुटला नाही. तो दोष आता दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिमांच्या वाट्याला आहे. १९८५ च्या सूसाई प्रकरणात न्यायालयाने त्यांच्याकडे, धर्मांतरानंतरही जाच त्याच तीव्रतेने चालू असल्याचा पुरावा मागितला. २०२२ साली या प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. आपल्यातील काहीजण या मागणीला विरोध करतात, वाटेकरी वाढतील म्हणून. मेश्राम निकालाबद्दल हळहळणाऱ्याने तीच दलील दुसऱ्याविरुद्ध वापरावी हे मला समजत नाही.

जनगणनेच्या प्रपत्रात धर्म आणि अनुसूचित जात असे दोन वेगळे रकाने असतात. प्रगणकांना असलेल्या सूचनेनुसार हिंदू, शीख किंवा बौद्ध असलेली व्यक्ती अनुसूचित जातीची नोंदवता येते. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिल्याने १९९० नंतर जातीच्या रकान्यातले काहीही पुसले जात नाही, ना जागा, ना शिष्यवृत्ती, ना प्रमाणपत्र. २०११ साली महाराष्ट्रात ६५ लाखांहून थोड्या अधिकांनी तसे लिहिले. १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाच्या जनगणनेत प्रगणक पुन्हा दारात येईल आणि जातीच्या आधी धर्म विचारील. शेजारी ऐकत असतील, त्यालाही ते कळेल; न्यायमूर्ती मुधोळकरांनी ‘प्रकट’ म्हटले ते हेच.